नवा कपॅसिटर बसत नाही

शिवलिंग हारुगेरे चीत झाला, असं लाउडस्पीकरवरून साऱ्या मैदानानं ऐकलं तेव्हा शिवलिंग अजून दोन पायांवर उभा होता.

नांदगिरीच्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती. मैदानात मावत नव्हती ती माणसं झाडांवर होती, आणि झाडांच्याही वर चित्रण करणारे ड्रोन घिरट्या घालत होते. तौफिक मुल्लानं ढाकेचा डाव मारायला हात घातला होता, एवढंच काय ते झालं होतं. पण निवेदकाच्या खुर्चीतून बाळगोंडा मगदुमांचा, पंचक्रोशीला पाठ असलेला घोगरा आवाज गरजला, "ढाक बसली आणि शिवलिंग चीत, चीत, चीत!" तौफिकच्या गावची पोरं फेटे उडवत कुस्तीच्या हौदात घुसली. हलगीवाल्यानं विजयाचा ठोका धरला. पंच गोंधळले. शिवलिंग त्यांच्याहून गोंधळला, आणि आपण पडलो की काय हे पाहायला त्यानं मान खाली घातली, तेवढ्यात तौफिकनं त्याला खरोखरच पाडलं. मग दोन्ही गावांनी मिळून ज्याचा उद्धार केला तो माणूस कुस्तीत नव्हताच.

निवेदकाच्या खुर्चीमागं त्यांची मुलगी कल्याणी उभी होती. त्या गदारोळात तिला एकच गोष्ट दिसली, आणि ती काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. आवाज गरजला तेव्हा वडिलांचे, अण्णांचे ओठ मिटलेले होते.

अण्णांना स्वतःचा आवाज नव्हता. तंबाखूनं घसा धरला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, आणि ज्या माणसाच्या आरोळीनं पल्याडच्या शिवारातली जनावरं कान टवकारायची तो पाटी-पेन्सिल घेऊन बसला. पाटी त्यांनी चार दिवसांत फोडली. लिहून दाखवणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटायचं. मग पेटी आली. गळ्याभोवती मऊ पट्टा आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीवर, साबणाच्या वडीएवढी पेटी. माणूस बोलायला जातो तेव्हा आवाज नसला तरी मानेचे नि जबड्याचे स्नायू हलतातच. त्या हालचालीतली बारीकशी वीज पट्टा टिपायचा आणि पेटी तिचे शब्द करायची. सुरुवातीला ती बातम्या दिल्यासारखी बोलायची. हळूहळू ती मगदुमांची झाली. घोगरेपणा आला, 'आता बघा मंडळी' आलं, मध्येच श्वास घ्यायला थांबायची लकबसुद्धा आली.

बाजारात आता नवीन जातीच्या पेट्या मिळायच्या, पण त्या गळ्याच्या आत बसवाव्या लागायच्या, आणि अण्णांच्या गळ्याला पुन्हा सुरी लावायला कुणी डॉक्टर तयार नव्हता. जुनी पेटी बनवणाऱ्या कंपनीनं तर केव्हाच गाशा गुंडाळला होता. ही पेटी गेली की अण्णा मुके, इतका सरळ मामला होता.

परतताना टेम्पोत अण्णांनी पट्टा सोडला, पेटी काढली आणि कल्याणीच्या मांडीवर ठेवली. मिरज येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत राहिले. मैदानात खोटं बोललेला निवेदक म्हणून आपलं नाव झालं, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

कल्याणीचं कामाचं टेबल घराच्या सोप्यातच होतं. दवाखान्यांची रुसलेली यंत्रं तिच्याकडे यायची आणि बहुतेक वेळा समजूत निघून परत जायची. सकाळी तिनं पेटीचं टोपण उघडलं आणि दोष शोधायची वेळच आली नाही. बोर्डच्या कोपऱ्यातला एक बुटका कपॅसिटर डोक्यावर फुगला होता, पुरी तळणीत टम्म व्हावी तसा.

कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. या जातीच्या टाकीत आतून ओलावा असतो. वर्षं गेली की तो सुकत जातो आणि टाकीत वीज मावेनाशी होते. या पेटीत त्या टाकीचं काम मोठं नाजूक होतं. गळ्याकडून आलेल्या वाक्याची सुरुवात तिनं वाक्य पुरं होईपर्यंत धरून ठेवायची. कल्याणीनं मीटर लावला. टाकी मूळच्या पाचव्या हिश्शाएवढीच उरली होती.

आता दुसरा बसवायचा म्हटलं तर पंचाईत. सगळ्या यंत्रांना पातळ व्हायचं वेड लागल्यापासून असले बुटके, जाडे कपॅसिटर कुणी करत नव्हतं. तेवढ्याच क्षमतेचा एक तिला सोलर पंपाच्या भंगार बोर्डवर मिळाला, पण तो बोटाच्या दोन पेरांएवढा उंच. त्याचे पाय फाकलेले, बोर्डवरची भोकं जवळजवळ, आणि उभा केला की टोपणाबाहेर डोकं काढून बघणार. तिच्या डबीत दुसराही एक होता, कानातल्या यंत्राचा, चिमुकला. तो त्या जागेवर असा बसला की जागा त्याच्यासाठीच राखून ठेवली होती म्हणावं. फक्त त्याची क्षमता अगदी कमी होती. गंमत म्हणजे सुकलेल्या जुन्याची उरली होती, जवळजवळ तेवढीच.

काढण्याआधी शेवटचं मोजमाप घ्यावं म्हणून तिनं अण्णांना टेबलाशी बसवलं, गळ्याला पट्टा बांधला आणि उघड्या बोर्डला वायरी जोडल्या. तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली. आक्का म्हणजे कल्याणीची आई. अण्णांनी कप घेतला, ओठ हलवून काही तरी सुरू केलं आणि कप तोंडाला लावला.

"चहा झकास झालाय," टेबलावरची पेटी म्हणाली. "तू पण बस की घटकाभर."

आक्का पदरानं हात पुसत स्टुलावर टेकली. कल्याणी मात्र कपाकडे बघत होती. अण्णा चहा पीत होते. घोट गिळताना माणूस बोलत नाही, पेटी असो की नसो.

"अण्णा, आता हे तुम्ही बोललात?"

"हो तर," पेटी म्हणाली. कप अजून अण्णांच्या ओठांनाच होता.

कल्याणीनं मीटरची टोकं खाली ठेवली, वायर सुटल्याचं निमित्त केलं आणि परसात जाऊन उभी राहिली. मैदानावरची फजिती तिच्या डोक्यातून पार गेली होती. तिथं आता एकच वाक्य होतं.

पाच वर्षांपूर्वी ती निपाणीचं सासर सोडून आली होती. मारहाण नव्हती, उपास नव्हते, लोकांना सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्या घरात तिच्या वतीनं बोलायची सगळ्यांना सवय होती, इतकंच. 'कल्याणीची काही हरकत नाही' असं म्हणून तिचं दुकान बंद झालं, 'तिला चालतंय की' म्हणून तिची हत्यारं कुणाला तरी देऊन झाली. एक दिवस ती एका पिशवीत चार कपडे आणि उरलेली सोल्डरची कांडी घालून माहेरच्या दारात उभी राहिली. गावात तोंड दाखवायचं कसं, या चिंतेनं आक्का खांबाला धरून उभी होती. कल्याणीनं विचारलं, "अण्णा, मी परत जाणार नाही. चालेल?" आणि अण्णांच्या छातीवरून आवाज आला, "चालेल की. हे तुझंच घर, पोरी."

त्या वाक्यावर ती पाच वर्षं उभी होती. कोर्टात, बाजारात, लग्नाकार्यात नातेवाइकांच्या नजरा झेलताना तिनं तेच मनात म्हटलं होतं. आज परसात उभं राहिल्यावर तिला पहिल्यांदा आठवलं की अण्णा तिला जन्मात कधी पोरी म्हणाले नव्हते. कले म्हणायचे.

पेटी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेले एक देशमाने नावाचे इंजिनिअर पुण्यात निवृत्त होऊन बसले होते. कल्याणीनं कुठून कुठून नंबर मिळवून त्यांना फोन केला. कंपनीचं नाव काढताच त्यांनी जो उसासा सोडला त्यावरून माणूस बोलायला भुकेला आहे हे कळलं.

"अहो मगदूमबाई, त्या बोर्डमध्ये आम्ही लिहिलेलं असं फारसं काही नाहीच," ते म्हणाले. "बोर्ड आपलं आपण शिकतं. आणि शिकतं ते स्वतःच्या सुट्या भागांसकट. कुठला कपॅसिटर जरा मोठा निघाला, कुठला जरा आळशी, सगळं गृहीत धरून ते आपली घडी बसवतं. म्हणून एकाच दिवशी तयार झालेल्या दोन पेट्या वर्षाभरात सख्ख्या बहिणीसुद्धा वाटत नाहीत."

"आणि टाकी सुकत गेली तर?"

"तर ते त्याचीही सवय करून घेतं. वाक्याची सुरुवात हातातून निसटायला लागली की शेवट अंदाजानं भरतं."

"ढाक ऐकली की चीत म्हणून मोकळं. पण अंदाज बरोबर आला हे त्याला कळतं कसं?"

"गळ्यावरून. चुकीचं बोललं तर माणूस चिडतो, मान ताठ होते, तो पुन्हा बोलायला बघतो. बरोबर बोललं तर गळा सैल पडतो. सैल पडला की बोर्ड म्हणतं, हे बरं झालं, पुढच्या वेळी असंच."

कल्याणीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे ज्यानं घरात शांतता होते, ते बोलायला ते शिकत जाणार."

"आम्ही त्याला यश म्हणायचो," देशमाने म्हणाले. "तक्रारी फार कमी यायच्या हो."

मग त्यांनी सल्ला दिला, आणि तो सल्ला तिला नको होता. लहान कपॅसिटर घाला, म्हणाले. बोर्डला आता छोट्या टाकीचीच सवय आहे. पेटी आहे तशी आणखी कितीतरी वर्षं चालेल. मूळ क्षमतेचा मोठा घातलात तर बोर्डची सगळी घडी विस्कटेल. काही आठवडे ते बरळेल. कदाचित अंदाज करणं सोडून पुन्हा माणसाचं ऐकायला शिकेल, कदाचित कायमचं बिघडेल. सांगता येत नाही.

"हे सगळं कधीपासून सुरू झालं असेल?" तिनं शेवटी विचारलं. "पाच वर्षांपूर्वी टाकी किती उरली असेल?"

"ते आता कुणीच सांगू शकणार नाही," देशमाने म्हणाले.

आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. घरात विजेची शेगडी होती, पण भाकरी चुलीवरच हा तिचा हट्ट. कल्याणीनं सगळं सांगितलं, सांगताना शब्द सोपे केले. आक्काच्या थापटण्याचा ताल काही चुकला नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्येच. पेटी बोलती ते." आक्कानं भाकरी तव्यात टाकून वर पाणी फिरवलं. "लगीन झाल्यापासनं तुझ्या बापानं मला एकदा तरी बस म्हटलं हुतं काय? दमलीस काय, जेवलीस काय, कधी तरी? आता रोज इचारत्यात. पहिल्यांदा मला वाटलं आजारपणानं माणूस निवळला. मग एकदा झोपेत बी म्हणाले, तू जेवलीस काय. तवा कळलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मग काय दवंडी पिटू?" आक्कानं भाकरी उलटली. "कले, तुला तो भाग बदलायचाच हाय न्हवं, तर बारका घाल. मोठा बसत न्हाई म्हणून सांग त्यास्नी. खोटं न्हाई ते. बसतच न्हाई की."

कल्याणीला संताप आला. आईचा आला, देशमान्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त आपलाच आला, कारण आक्का बोलत होती ते तिला हवंसं वाटत होतं. लहान कपॅसिटर घातला की विषय मिटणार होता. पेटी गोड बोलणार होती आणि ते वाक्य जिथं होतं तिथं राहणार होतं. मोठा घातला आणि खरे अण्णा परत आले, तर त्यांना विचारावं लागणार होतं. विचारलं नसतं तरी उत्तर घरात वावरत राहिलं असतं.

अण्णा सोप्यात खुर्चीवर बसून होते. मुके झाल्यापासून काही हवं असलं की टाळी वाजवायचे. तिला बघून त्यांनी टाळी वाजवली आणि टेबलाकडे भुवई उडवली. झालं का?

"नवा बसत नाही, अण्णा," कल्याणी म्हणाली. "बारका घालते. चालून जाईल."

तिनं फुगलेला कपॅसिटर उपसला, भोकं साफ केली, चिमुकला बसवून सोल्डरचे दोन डाग दिले. टोपण टक्कन बसलं. इतकं नीट काम तिच्या हातून क्वचितच झालं असेल.

घर पुन्हा सुरळीत झालं. पेटीनं आक्काच्या भाजीची तारीफ केली, शेजारच्यांना या बसा म्हटलं, आणि कल्याणीला दुपारी काम करताना बघून म्हणाली, "किती राबतेस, पोरी." एरवी तिला बरं वाटलं असतं. आता प्रत्येक गोड शब्दानिशी तिची नजर अण्णांच्या ओठांकडे जायची, आणि ओठांनी काही वेगळं म्हटलंय असं दिसायच्या आत ती नजर काढून घ्यायची. रात्रीच्या जेवणाला ती त्यांच्या समोर बसेना. टेबलावरची कामं अर्धी टाकून दुसरी उचलू लागली. एका दवाखान्याचं यंत्र तिनं उलट्या वायरी जोडून परत पाठवलं, तेव्हा आपलं काही खरं नाही हे तिला कळलं.

पुढच्या आठवड्यात कुरडवाडीच्या तालमीचे दोन पंच घरी आले. मैदान ठरलं होतं. नांदगिरीचा बोभाटा त्यांच्याही कानावर गेला होता, पण बाळगोंडा मगदुमांना न विचारता परस्पर दुसरा निवेदक बोलवायला जीभ रेटत नव्हती. शिष्टाचार म्हणून आले होते, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. दोघंही खुर्चीच्या कडेला होते.

"अण्णा, झालं ते झालं," त्यांतला थोरला म्हणाला. "तुम्ही म्हणशीला तसं. येताय काय?"

अण्णांचे ओठ हलले. पेटी लगेच बोलली, "आता नको. थकलो मी. नव्या पोरांना संधी द्या की."

पंचांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. काय मोठा माणूस, असं एक म्हणाला. आक्कानं चहा पुढं केला. कल्याणी दाराशी उभी होती, आणि या वेळी तिला नजर काढून घेता आली नाही. पेटी थांबली होती, अण्णांचे ओठ थांबले नव्हते. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. त्यांनी मांडीवर मूठ आपटली, एकदा, पुन्हा एकदा.

"तुम्ही आठवणीनं आलात, मनापासून आभार," पेटी म्हणाली.

पंचांना ती मूठ निरोपाच्या भरातली वाटली. ते नमस्कार करून निघून गेले. अण्णांची मूठ हळूहळू उघडली, गळा सैल पडला, आणि पेटीनं आपलं बरोबर आलं म्हणून खूणगाठ बांधली असणार. मग अण्णांनी कल्याणीकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिला सोपं गेलं असतं. पण ते नुसतेच बघत होते, आणि तसं कुठे बघायची सवय लागते हे तिला निपाणीत कळलं होतं. यांना चालतंय. यांची काही हरकत नाही.

"पेटी द्या," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मोठा बसतो. बसवला तर बसतो."

आक्का आतून आली. "कले, हात लावू नगंस."

"आक्का, ते नाही म्हणत नव्हते. येतो म्हणत होते."

"म्हणू दे. ह्या वयात मैदानं कशाला पाहिजेत?"

"ते त्यांना ठरवू दे."

"आणि माझं काय?" आक्काचा आवाज चिरकला. "मला परत ते घुमं घर नगं. तू व्हतीस निपाणीत. तुला काय म्हाईत मी कशी राहिली ते."

आक्काचं एक अक्षर चूक नव्हतं. कल्याणीनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी स्वतःच पट्टा सोडला आणि पेटी टेबलावर ठेवली.

उंच कपॅसिटर बसवणं म्हणजे ठेंगण्या दारातून बोकड नेणं. तिनं त्याचे पाय लांबवून त्यांवर प्लॅस्टिकची नळी चढवली, म्हणजे एकमेकांना शिवायला नकोत. पाय वाकवून तो आडवा पाडला. आडवाही शेजारच्या भागावर चढत होता, म्हणून बोर्डच्या कडेला नेऊन गोंदाचा थेंब देऊन चिकटवला, नाही तर छातीच्या हालचालीनं पाय तुटले असते. टोपणाला कानशीनं खाच पाडली. तरी एक कुबड बाहेर राहिलंच. काम बघवत नव्हतं. शिकताना असलं काही केलं असतं तर मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं असतं.

त्यानंतर घराच्या मागं साडेसातीच लागली. मोठ्या टाकीत मागचं वाक्य पुढच्या वाक्यापर्यंत टिकून राहायचं, आणि बोर्डला त्याचं काय करायचं हे उमजत नव्हतं. अण्णा पाणी मागायचे तेव्हा पेटी "दार पाणी लाव दार" म्हणायची. एकदा पोस्टमनला तिनं "मीठ मीठ" करून हैराण केलं. कधी घर्र घर्र करून गप्प बसायची, आणि मग बोर्ड कायमचं गेलं या धास्तीनं कल्याणी चिमटा हातात घेऊन बसून राहायची. आक्का दोघांशीही बोलेना. पण कुबडामुळं पेटी जुन्या खिशात जाईना तेव्हा तिनंच एका सकाळी सगळ्या सदऱ्यांचे खिसे उसवले आणि रुंद करून शिवून दिले.

अण्णांनी मात्र चिकाटी सोडली नाही. परसातल्या म्हशीपुढं उभं राहून ते रोज कुस्ती सांगायचे. चुकलं की मान ताठ करून पुन्हा, पुन्हा. कित्येक वर्षांनी त्यांनी पेटीशी भांडायला सुरुवात केली होती. हळूहळू पेटी थांबायला शिकली. अण्णांचं बोलून होईस्तोवर ती वाट बघायची आणि मग जड, सावकाश आवाजात बोलायची. मधेच शब्द अडखळायचा, पण तो त्यांचा असायचा.

तो कसा होता, हेही मग कळलं. "चहा गार." "टीव्ही बंद कर." "हे कोण आणलं असलं वांगं." आक्का म्हणाली, "आले परत," आणि दुसऱ्या दिवसापासून चहा टेबलावर ठेवून आत जायला लागली. कुरडवाडीला अण्णांनी स्वतः फोन करून येतो म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कल्याणीनं आजारपणानंतर पहिल्यांदाच बघितलं. पण त्यांनी तिला राबतेस असं काही म्हटलं नाही.

मैदानाच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा परसातल्या कट्ट्यावर फेटा बांधून बघत होते. कल्याणी पेटीचा गोंद तपासायला म्हणून गेली. गोंद चांगला होता. तरी ती हलली नाही.

"अण्णा, एक विचारायचं आहे."

त्यांनी फेट्याचं टोक दातात धरलं होतं ते सोडलं.

"मी निपाणीहून आले त्या दिवशी तुम्ही म्हणालात, चालेल की, हे तुझंच घर." या वेळी तिनं नजर त्यांच्या ओठांवरच ठेवली. "ते तुम्ही म्हणालात की पेटी?"

अण्णांचे ओठ हलले, आणि पेटीनं वेळ घेऊन सांगितलं.

"पेटी."

कल्याणीनं मान डोलावली, जणू कुणी बाजारभाव सांगितला होता. परसातली म्हैस रवंथ करत होती. पाच वर्षं पायाखाली होतं ते निघून गेलं आणि तरी ती उभीच होती, याचं तिला नवल वाटलं.

"तुम्ही काय म्हणत होतात?"

"चार दिवस," पेटी म्हणाली आणि अडखळली. अण्णांनी मान ताठ करून पुन्हा सांगितलं. "चार दिवस राहा. मग मी. सोडून येतो. असं."

"मला परत सोडणार होतात."

"हो."

यापेक्षा गोड खोटं बरं, असं आक्का म्हणाली असती, आणि त्या क्षणी कल्याणीनं तिचं ऐकलंही असतं. टेबलाच्या खणात चिमुकला कपॅसिटर अजून होता. ती वळली, आत जायला निघाली, तेवढ्यात मागून टाळी वाजली. अण्णा उठून उभे राहिले होते. अर्धा बांधलेला फेटा खांद्यावर लोंबत होता, ओठ भराभर हलत होते. पेटी मागं पडली होती. कल्याणीनं धीर धरून थांबावं म्हणून त्यांनी हात पुढं केला, आणि ती थांबली.

"पेटी बोलली ते. मी बी ऐकलं," पेटी एकेक शब्द ठेवत गेली. "तू पिशवी. खाली ठेवलीस. नाही म्हणायला. मान हलवली असती. तरी पुरं होतं. मान हलवायला. पेटी लागत नाही, कले. हलवली नाही मी."